चतुर्थीची ओहोटी

वसईजवळच्या वटार गावातल्या आमच्या घरातून समुद्र दिसत नसे, ऐकू येई. उन्हाळ्यात अगदी बारीक, शेजारच्या घरात कोणीतरी तांदूळ पाखडत असल्यासारखा, आणि आषाढात असा की जेवताना आई दोनदा विचारी, "काय म्हणालीस?" घरापासून वाळूपर्यंत चालत वीस-पंचवीस मिनिटं. मध्ये आमची वाडी, मग दुसऱ्यांच्या वाड्या, मग सुरूचं बन. एवढ्या जवळ राहूनही आम्ही बागायतदार माणसं समुद्राकडे पाठ करून जगलो. केळी, पानवेली, सोनचाफा, अळू, दारात मोगरा. सगळं गोड्या पाण्याचं काम. खारं वारं जास्त आलं तर पानवेलीची पानं करपतात, म्हणून बाबांनी पश्चिमेच्या कुंपणाला उंच शेवरी लावली होती. बाबा म्हणत, "समुद्र ऐकायचा, बघायला जायचं नाही." आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. घरची माणसं जे बोलतात ते लहानपणी हवापाण्यासारखं असतं, त्याचा कोणी विचार करत नाही.

पोहायला आम्ही बावखलात शिकलो. हल्लीच्या मुलांना बावखल म्हणजे काय ते सांगावं लागतं, कारण निम्मी बुजली आणि त्यांच्यावर इमारती आल्या. वाडीच्या पोटात खणलेलं मोठं तळं, कडेला उंबर नाहीतर भेंड, पाणी गार आणि हिरवट. पाठीला दोन सुके भोपळे बांधायचे आणि ढकलून द्यायचं. आठ दिवसांत पोर तरंगायला लागे. बावखलाचं पाणी जागचं हलत नाही. दमलं की उताणं पडावं, श्वास घ्यावा, हात मारत कडेला यावं; कड जिथे होती तिथेच असते. माझा दादा, माझ्याहून चार वर्षांनी मोठा, आमच्या आळीत सगळ्यात चांगला बुडी मारणारा. तळाशी टाकलेली वाटी तो वर आणे, आणि वर येईपर्यंत आम्ही काठावर मोठ्याने आकडे मोजत असू. मोजायचं काम माझं. माझा एकही आकडा चुकत नाही असं दादाच सगळ्यांना सांगे, आणि ते ऐकून मी दिवसभर फुगलेली असे.

त्या वर्षी दादा मॅट्रिक पास झाला होता. मुंबईच्या मामांनी त्याला एक घड्याळ दिलं आणि पोहायचा काचेचा चष्मा दिला. तसा चष्मा आमच्या गावात कोणी पाहिलेला नव्हता, आईने तो उलटसुलट करून विचारलं, "ह्याने वाचता येतं काय?" दादाच्या डोक्यात जहाजाने घर केलं होतं. जहाजावर नोकरी करायची, दूर जायचं. बाबा त्यावर हो म्हणाले नव्हते, पण नाहीही म्हणाले नव्हते, आणि आमचे बाबा नाही म्हणाले नाहीत म्हणजे बारा आणे हो, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. माझंही असंच अधांतरी होतं. सातवीनंतर मुलीला कशाला शाळा, हा वाद आईने एकदा जिंकला होता, पण बाबांनी बजावून ठेवलं होतं, "शिकून शहाणपण आलं तर ठीक. शेफारली तर त्या दिवसापासून दप्तर बंद." मी आठवीत गेले होते.

भरती-ओहोटीची वेळ काढायला मला हिरामावशीने शिकवलं. ती कोळीवाड्यातून टोपली घेऊन येई, पायरीवर बसे, मासळी देई आणि पैशांबरोबर केळीचा एखादा फणाही घेऊन जाई. बसल्या बसल्या एकदा म्हणाली, "तिथीची पाऊनपट कर, बाय. जे निघंल ती भरतीची येळ. पुनवेपासून मोज नायतर अवसेपासून." आमच्या शाळेत तेव्हा पावकी, निमकी, पाऊणकी हे अपूर्णांकांचे पाढे घोकून घेत, त्यामुळे हे गणित मला पाण्यासारखं सोपं. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती, बाराला ओहोटी. मी तिला पटापट सगळ्या तिथींच्या वेळा सांगितल्या. तिने तोंडावर हात ठेवला आणि म्हणाली, "बघा! आमची सारी हयात खाऱ्या पान्यात गेली, आनि ही घरात बसून सांगते!" ती थट्टा करत होती हे मला समजलं नाही.

मे महिन्यातली गोष्ट. सुरूच्या बनापलीकडे वाळू संपते तिथे उत्तरेला खडक आहेत. मोठ्या ओहोटीला ते उघडे पडतात, आणि सगळ्यात पुढच्या खडकात एक खोल डोह राहतो, आतून गोल आणि काळा. त्याला सगळे हंडा म्हणत. त्यात काचेचा चष्मा लावून बुडी मारायची हे दादाने ठरवलं होतं. जहाजावर जायचं तर खाऱ्या पाण्याची सवय हवी, असं त्याचं म्हणणं. आम्ही एकदाही खडकांवर गेलो नव्हतो. सकाळी उठले तेव्हा आई चुलीपुढे रताळी उकडत होती, तिच्यापुढे चहा नव्हता. मी विचारलं, "आज काय गं?" "संकष्टी. चतुर्थी आज." झालं. चाराची पाऊणपट तीन. तीनला भरती, म्हणजे सकाळी नऊला पूर्ण ओहोटी. नऊपर्यंत पाणी बाहेर जात राहणार, त्यानंतर तासभर तरी निवांत. मी दादाला परसात गाठून सांगितलं, "दहापर्यंत काही भीती नाही." त्याने मला दुसऱ्यांदा विचारलंसुद्धा नाही. बाबा खताच्या कामाला आगाशीला गेले होते. आईला आम्ही सांगितलं, वाडीच्या टोकाला कैऱ्या पाडायला जातो. तिने हातावर सुकेळी ठेवली, राजेळी केळी सुकवून केलेली, पानात गुंडाळलेली. तिला स्वतःला चंद्र उगवेपर्यंत काही खायचं नव्हतं.

आम्ही खडकांशी पोचलो तेव्हा सव्वाआठ वाजले होते. वाळू आणि पुढचा खडक यांच्यामध्ये एक चर होती, सात-आठ हात रुंद; तिच्यात घोट्याएवढं पाणी. ती आम्ही हसत हसत ओलांडली. पुढे सगळीकडे कालवं चिकटलेली, पायाला टोचणारी, आणि कोळणी वाकून कोयत्याच्या टोकाने ती फोडत होत्या. हिरामावशी त्यांत होती. तिने आम्हाला पाहिलं आणि कपाळाला आठी घातली, पण हातातलं काम सोडलं नाही. दादाने घड्याळ काढून माझ्या मनगटावर बांधलं, चष्मा चढवला आणि हंड्यात उतरला. मी मोजायला लागले. बेचाळीसला तो वर आला, तोंडभर हसत. "मंदे, आत निळे मासे आहेत! एवढे एवढे! बाजूला भोक आहे, त्यातून उजेड येतो!" पुन्हा गेला. पुन्हा आला. खरं सांगते, त्या तासाभरात दादा जेवढा आनंदी होता तेवढा मी त्याला पुढे लग्नातही पाहिला नाही.

नवाला दहा मिनिटं असताना कोळणींनी टोपल्या डोक्यावर घेतल्या. हिरामावशी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "चल ग, त्याला वर बोलव. पानी कवाच फिरलं." मी तिला घड्याळ दाखवलं. "मावशी, आज चतुर्थी. नऊला ओहोटी. अजून पाणी जायचंय." तिने माझं मनगट बाजूला सारलं. "मास्तरीन झाली काय तू? पायाखाली बघ, हाताला काय बघते?" मी म्हटलं, "तुम्हीच तर शिकवलंत." मागच्या बाईने हाक मारली, टोपल्या जड होत्या, आणि हिरामावशी "लवकर ये, बाय" म्हणून निघाली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं आई म्हणे. मी बायकांच्या पाठी पाहिल्या आणि मनात म्हटलं, ह्यांना पाऊणकी येत नाही, म्हणून ह्या घाबरतात.

पहिल्यांदा बदलला तो आवाज. इतका वेळ समोरून येणारा आवाज आता पाठीमागून येत होता, डबक्यात कोणी बादली ओतावी तसा. मी वळून पाहिलं तर चर नव्हती. म्हणजे होती, पण तिच्या दोन्ही बाजूचे खडक बुडाले होते, आणि मघाशी सात-आठ हात असलेलं पाणी तीस-चाळीस हात झालं होतं. ते उभं नव्हतं, उत्तरेकडे ओढ्यासारखं धावत होतं. घड्याळात साडेनऊ. माझी पाचावर धारण बसली. मी ओरडले, पण दादा पाण्याखाली होता, आणि मला त्याची बुडी संपेपर्यंत थांबावं लागलं. एकतीस, बत्तीस, तेहतीस. मी मोजत होते आणि रडत होते. तो वर आला, माझं तोंड पाहिलं, मागे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू पुसून गेलं.

"काही नाही, कंबरभर असेल," तो म्हणाला. माझा हात धरून उतरला. चौथ्या पावलाला पाणी त्याच्या छातीला आणि माझ्या हनुवटीला लागलं, माझे पाय खालून निघाले. त्याने मला केसाला धरून परत खडकावर फेकलं. कालवांनी माझे गुडघे आणि तळवे कापले. रक्त आलं ते दिसलं, दुखलं नाही. तो धापा टाकत म्हणाला, "तू इथेच थांब, सगळ्यात उंच जागेवर. मी पोहून जातो, कोणाला तरी आणतो. एवढंसं तर आहे. बावखल याहून मोठं आहे." मी त्याचा हात सोडत नव्हते. त्याने माझी बोटं एक एक करून सोडवली. मग तो पाण्यात शिरला आणि आम्हाला माहीत होतं त्याच रीतीने पोहला, समोरच्या काठाकडे तोंड करून. काठ समोर राहिलाच नाही. पाणी त्याला आडवं नेत होतं. दमला तसा तो उताणा झाला, श्वास घ्यायला, बावखलात होत असू तसा, आणि त्या दोन-तीन श्वासांत तो खडकांच्या टोकापर्यंत वाहत गेला. त्याचं डोकं दिसलं. मग लाट आली. मग मला डोकं दिसलं नाही.

यापुढची दहा-पंधरा मिनिटं मी आजपर्यंत कोणाला नीट सांगितलेली नाहीत. मी "दादा" म्हणून ओरडत होते आणि आवाज माझ्याच तोंडात परत येत होता. पाणी पोटऱ्यांना लागलं, मग गुडघ्याला. प्रत्येक लाट गेली की खडक पुन्हा दिसे आणि मला वाटे, झालं, थांबलं. आणि पुढची लाट आधीच्याहून वर येई. मी गणपतीला हात जोडले, मग आईला हाका मारल्या, मग नुसतीच किंचाळत राहिले. मला मरायची भीती वाटत होती आणि त्याहून जास्त भीती, मी वाचेन आणि घरी जाऊन सांगावं लागेल, याची वाटत होती. तेराव्या वर्षी माणूस इतकं नीच भिऊ शकतं हे मला त्या दिवशी कळलं.

हिरामावशी आली ती पाण्यातून चालत आली. तिने वाळूवर टोपली ठेवून मागे वळून पाहिलं होतं आणि आम्ही आलेलो नाही हे तिला दिसलं होतं. चरीच्या दक्षिणेला पाण्याखाली खडकाची एक लांब धार आहे, ती कोळणींना पायांनी पाठ असते. त्या धारेवरून ती आणि दुसरी एक बाई, एकमेकींचं मनगट धरून, छातीएवढ्या पाण्यात आल्या. तिने मला दंडाला असं धरलं की तिच्या बोटांचे वळ आठ दिवस राहिले. "पाय उचलायचा नाय. घासटत ये. लाट आली की थांब, गेली की चल. माझ्या तोंडाकडं बघ, पान्याकडं बघू नको." मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिच्या नाकातली फुली, दातांतली मिशेरी, हे मला आज या क्षणी दिसतं. वाळूवर पाय टेकल्यावर तिने मला आधी थोबाडीत मारली आणि मग छातीशी धरलं.

"दादा कुठाय?" तिने विचारलं. मी उत्तरेकडे बोट दाखवलं. तिच्या तोंडचं पाणी पळालं. त्या बायका धावल्या, मी त्यांच्यामागे धावले, वाळूत पडत, उठत. वाटेत ती स्वतःशीच बोलत होती, मला ऐकवण्यासाठी नव्हे. "उपासाची चतुर्थी ती. चंद्र उगवताना लागते. सकाळी तीज व्हती, तीज. आमी पंचांगातली तिथ बघतो, उपासाची कोन धरतं?" तिनाची पाऊणपट सव्वादोन. मी धावता धावता ते केलं. डोकं करतच राहिलं, त्याला थांबवता येईना. सव्वादोनला भरती, सव्वाआठला ओहोटी. आम्ही खडकावर पाय ठेवला तेव्हाच पाणी फिरलं होतं.

दादा जिवंत होता. जाळी लावायला पाण्यात रोवलेल्या एका खुंटाला त्याने मिठी मारली होती, आणि होडीतल्या दोघांनी त्याला तिथून सोडवून आणला होता. आम्ही पोचलो तेव्हा तो वाळूवर पालथा पडून ओकत होता. पोटावरची कातडी खुंटाच्या शिंपल्यांनी सोलली होती, चष्मा गेला होता. मला पाहून तो काहीतरी बोलायला गेला आणि रडायला लागला. सतरा वर्षांचा दांडगा मुलगा हुंदके देऊन रडत होता, आणि कोळी माणसं दुसरीकडे तोंड करून उभी राहिली. मी त्याच्या पायांना धरून बसले. पाय गार होते, पण हलत होते.

परवा दादाच्या नातवाने मला मोबाइलवर भरतीची वेळ दाखवली, मिनिटासकट. रविवारी वसईतल्या एव्हरशाईन सिटीतून, मुंबईकडून गाड्या भरभरून मुलं येतात, त्याच खडकांवर उभी राहून फोटो काढतात, समुद्राकडे पाठ करून. वेळ प्रत्येकाच्या खिशात आहे. मी एकदा सुरूच्या बनातून ओरडले, "पाणी फिरलंय, परत या!" एका मुलीने छान हसून मला हात दाखवला. मी वाळूत बसले आणि त्यांची डोकी मोजत राहिले. ती मुलं सुखरूप परत आली. मी मात्र त्यानंतर गेलेले नाही.

त्या दिवशी संध्याकाळी बाबा आले तोवर सगळ्या गावाला कळलं होतं. ओटीवर बाबा बसले, समोर दादा, पोटाला हळद लावलेला. आई चुलीशी मोदकांचं पाणी ठेवून दाराशी उभी. चंद्र उगवायचा होता. बाबांनी आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, "वेळ कोणी काढली?" मी खांबाला धरून उभी होते. हो म्हणावं तर दप्तर बंद. मला ते इतकं स्पष्ट दिसलं, की जणू कोणी खुंटीवरून दप्तर काढत आहे. आईला माहीत होतं. तिथी मी तिलाच विचारली होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि खाली पाहिलं. दादा म्हणाला, "मी. मीच काढली. हिला काही माहीत नव्हतं."

बाबांनी त्याच्या पोटावरच्या हळदीकडे पाहिलं. मग म्हणाले, "साधी तिथी कळत नाही आणि जहाजावर जातो म्हणे. उद्यापासून पानवेलीवर ये." दादाने मान हलवली. मला तोंड उघडायला त्या वेळी भरपूर वेळ होता. आई देवापुढे गेली, चंद्र उगवला, तिने अर्घ्य दिलं, पानं वाढली. मी एवढा वेळ गप्प राहिले, आणि मग जेवायला बसले.

दादाने पन्नास वर्षं वाडी केली. मी वसईतल्या एका शाळेत बत्तीस वर्षं गणित शिकवलं. त्या दिवसाची गोष्ट आमच्या घरात आता विनोद म्हणून सांगतात. लग्नकार्यात, गणपतीत सगळे जमले की कोणीतरी दादाला विचारतंच, "आजोबा, चाराची पाऊणपट किती?" दादा म्हणतो, "मला कुठलं गणित? ते तुमच्या मंदाआत्याचं काम." सगळे हसतात, मीही हसते. त्या वेळी तो माझ्याकडे पाहत नाही. इतक्या वर्षांत एकदाही त्याने अशा वेळी माझ्याकडे पाहिलेलं नाही, मला लाज वाटू नये म्हणून. तो आता ऐंशीच्या घरात आहे, आणि त्याच्या आधी मी गेले तर हे कोणीच सांगणार नाही, ही एक नवीन भीती मला हल्ली लागली आहे. म्हणून लिहून ठेवते. मुलांनो, गणित माझं होतं. तुमच्या आजोबांनी ते कधी केलंच नव्हतं.